पाच रंग लागतात, असं लेक म्हणते तेव्हा

प्रश्न: माझी मुलगी आठ वर्षांची आहे. तिला नकाशे रंगवायचा नाद आहे. शेजारच्या दोन देशांना एकच रंग द्यायचा नाही, हा नियमही तिचा तिनेच घालून घेतला. ते पाहून मी तिला सांगितलं, की कुठलाही नकाशा घे, चार रंग पुरतात, हे गणितज्ञांनी सिद्ध केलंय. दुसऱ्या दिवशी ती स्वतः काढलेला एक नकाशा घेऊन आली. म्हणाली, "याला पाच लागतात." मी तो घेतला आणि पाच मिनिटांत चार रंगांत बसवून दाखवला. तेव्हापासून तिने तो विषयच सोडलाय. मला खरं तर या निमित्ताने तिला ग्राफ थिअरीची, म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांच्या गणिताची, ओळख करून द्यायची होती. मी इंजिनिअर आहे, पण कॉलेजात शिकलेलं आता धूसर झालंय. कुठून सुरुवात करू? तिचा पाच वर्षांचा भाऊ मध्ये लुडबुड करतो, त्याला यात घेता येईल का? आणि शाळेच्या गणितात याचा काही उपयोग होतो का?
– एक बाबा

उत्तर: तुमच्या लेकीने अगदी गणितज्ञासारखं काम केलं. कोणीतरी छातीठोकपणे सांगितलं, "कुठलाही नकाशा". तिने ते खरं मानून वही मिटली नाही, उलट ते खोटं पाडणारा नकाशा शोधायला बसली. आठव्या वर्षी! आणि तुम्ही पाच मिनिटांत तिचा डाव स्वतःच खेळून टाकलात. तुमचं उत्तर बरोबर होतं, त्याबद्दल वाद नाही. पण चार हा आकडा इतक्या लवकर हातात पडला, की तिला शोधायला काही उरलंच नाही.

हा आकडा कळायला जगाला किती वेळ लागला ते बघा. १८५२ साली फ्रान्सिस गथ्री नावाचा एक तरुण इंग्लंडमधल्या काउंट्यांचा (म्हणजे जिल्ह्यांचा) नकाशा रंगवत होता. चार रंगांत काम भागतंय, हे त्याच्या लक्षात आलं. नेहमीच भागेल का, ते मात्र त्याला सांगता येईना. त्याचा भाऊ फ्रेडरिक लंडनमध्ये गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गन यांच्याकडे शिकत होता. त्याने तो प्रश्न त्यांच्या कानावर घातला. डी मॉर्गन यांनाही उत्तर सुचेना, म्हणून २३ ऑक्टोबरला त्यांनी डब्लिनला विल्यम रोवान हॅमिल्टन यांना पत्र लिहिलं. हॅमिल्टन म्हणजे त्या काळातलं फार मोठं नाव. त्यांनी आपण इतक्यात याच्या वाटेला जाणार नाही, असं कळवून मोकळं होणं पसंत केलं. सिद्धता हाती यायला १९७६ साल उजाडलं. केनेथ अपेल आणि वोल्फगांग हाकेन यांनी इलिनॉय विद्यापीठात ती पूर्ण केली, तीही कॉम्प्युटरला हजाराहून जास्त तास राबवून. १२४ वर्षं जो प्रश्न उघडा राहिला, तो तुमच्या घरात एक-दोन महिने उघडा राहिला असता तर काही बिघडलं नसतं.

असो, अजून काही हातचं गेलेलं नाही. तो नकाशा परत मागा. "चुकून मी घाई केली" वगैरे लांबण लावू नका, मुलांना ते अवघड होतं. सरळ विचारा: "तुझा तो पाच रंगांचा नकाशा कुठेय? पाचवा रंग नेमका कुठे लागला ते मला बघायचंय." माझा अंदाज आहे, की ती एका विशिष्ट देशावर बोट ठेवेल. त्या देशाच्या भोवती चारही रंग आधीच वापरून झालेले असतील. तिचं म्हणणं त्या जागेपुरतं शंभर टक्के खरं आहे. आधीचे रंग तसेच ठेवायचे असतील, तर पाचवा लागतोच.

आणि आधीचे रंग तसेच का ठेवायचे? कारण स्केचपेन पुसता येत नाही! मुलं रंग बदलून बघत नाहीत, याचं कारण बहुतेक वेळा इतकं साधं असतं. डोकं तयार असतं, कागद तयार नसतो. म्हणून माझा पहिला सल्ला साहित्याबद्दलचा आहे. नकाशा मोठा काढा, एका देशात तळहात मावेल एवढा. रंग भरायचे नाहीत. चार रंगांची बटणं किंवा रंगीत कागदाचे तुकडे घ्या आणि देशांवर ठेवा. चुकलं की उचला, दुसरं ठेवा. पेन्सिलने खोडून-खोडून कागद फाटण्याचा आणि त्यावरून रडारड होण्याचा प्रश्नच मिटतो. मुलाला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नसेल (काही मुलांना नाही कळत, आणि घरच्यांना ते उशिरा समजतं), तर बटणांऐवजी १, २, ३, ४ लिहिलेल्या चिठ्ठ्या वापरा. गणिताला रंगाशी देणंघेणं नाही, चार वेगळ्या खुणा हव्यात इतकंच.

बटणं ठेवून झाली की तिला एक युक्ती शिकवा. ही बोटाने करायची आहे आणि आठ वर्षांच्या मुलीला ती नक्की झेपेल.

समजा अडलेल्या देशाला चारच शेजारी आहेत आणि त्याच्याभोवती फेरी मारताना ओळीने लाल, हिरवा, निळा, पिवळा अशी बटणं लागतात. लाल शेजाऱ्यावर बोट ठेवा. त्याला लागून असलेल्या निळ्या देशांवर जा, तिथून त्यांना लागून असलेल्या लाल देशांवर, पुन्हा निळ्यांवर. फक्त लाल आणि निळ्यावरूनच चालायचं, बाकीच्यांवर पाय टाकायचा नाही. जिथवर पोचता येईल तेवढ्या सगळ्या देशांत लालच्या जागी निळं आणि निळ्याच्या जागी लाल बटण ठेवा. नियम कुठेच मोडत नाही, कारण या टोळीच्या कडेला फक्त हिरवे आणि पिवळे देश असतात. आता, चालता चालता आपण समोरच्या निळ्या शेजाऱ्यापर्यंत पोचलो नसू, तर आपला लाल शेजारी निळा झाला आणि लाल रंग मोकळा झाला. अडलेल्या देशाला तो देऊन टाका.

आणि पोचलो असू तर? मग अदलाबदल करून हाती काही लागत नाही, दोघे नुसते एकमेकांचे रंग घेतात. पण तिला इथे थांबवून विचारा, की ही लाल-निळी रांग आता कुणाकुणाच्या मध्ये उभी आहे? हिरव्या आणि पिवळ्या शेजाऱ्यांच्या मध्ये. अडलेला देश आणि ती रांग मिळून पुरतं कुंपण झालं. म्हणजे हिरव्या शेजाऱ्यापासून हिरवा-पिवळा करत कितीही चाललं, तरी समोरच्या पिवळ्याला गाठता येणार नाही. तर मग तिथे अदलाबदल करा, हिरवा मोकळा होईल. दोन्हीपैकी एक रस्ता उघडतोच. हे "उघडतोच" तिच्या तोंडून आलं, तर त्या दिवशी आणखी काही शिकवायला जाऊ नका.

याच युक्तीच्या जोरावर आल्फ्रेड केम्प या वकिलाने १८७९ मध्ये चार रंगांचा प्रश्न सुटल्याचं जाहीर केलं होतं. सगळ्यांनी ते मान्यही केलं. ११ वर्षांनी, १८९० मध्ये, पर्सी हीवूडने त्यातली मेख दाखवली. अडलेल्या देशाला पाच शेजारी असले, की कधीकधी दोन अदलाबदली एकदम कराव्या लागतात आणि त्या एकमेकींच्या पायात येतात. म्हणजे ११ वर्षं जाणकार मंडळी एका चुकीच्या सिद्धतेवर निर्धास्त होती. मात्र याच युक्तीने पाच रंग नक्की पुरतात, एवढं हीवूडने स्वतः सिद्ध करून ठेवलं. लेकीला ही गोष्ट जरूर सांगा. मोठी माणसं "सिद्ध झालंय" म्हणतात तेव्हाही तपासून बघण्यात काही गैर नाही, हे तिला तिच्याच नकाशावरून कळेल.

आता या सगळ्यात खरा धडा कुठे आहे, तर "मला जमलं नाही" आणि "जमणारच नाही" यांतल्या फरकात. मुलं या दोन्ही गोष्टी एकाच सुरात म्हणतात. (मोठेही म्हणतात.) पहिली म्हणायला एक प्रयत्न पुरतो, दुसरीला कारण द्यावं लागतं. आणि नकाशात हे कारण लहान मुलालाही देता येतं, म्हणून मला हा विषय आवडतो. मध्ये एक देश आणि त्याच्याभोवती पाच देशांचं कडं काढा. कडं दोन रंगांत होईल का? लाल, निळा, लाल, निळा... पाचव्याच्या एका बाजूला निळा, दुसऱ्या बाजूला लाल. अडलं. दुसरीकडून सुरू केलं तर? कडं गोल आहे, कुठूनही सुरू केलं तरी तेच. म्हणजे तिसरा रंग लागणारच, आणि मधल्या देशाला चौथा. इथे "मला जमलं नाही" नाही, "कुणालाच जमणार नाही" आहे, आणि ते तिला सिद्ध करता आलं. मग कड्यात सहा देश घ्या आणि गंमत बघा. सातवर ती स्वतःच जाईल.

खऱ्या नकाशात हे बघायचं असेल तर अमेरिकेतलं नेवाडा राज्य दाखवा. त्याच्याभोवती ऑरेगन, आयडाहो, युटा, ॲरिझोना आणि कॅलिफोर्निया असं पाचांचं कडं आहे. लक्झेंबर्गचा प्रकार वेगळा. बेल्जियम, फ्रान्स आणि जर्मनी हे त्याचे तीन शेजारी आपसातही एकमेकांना लागून आहेत, म्हणून चौघांना चार रंग. दक्षिण अमेरिकेत पॅराग्वे आणि आफ्रिकेत मलावी अशाच कोंडीत आहेत. नकाशासंग्रह तिच्या हातात द्या आणि "असा आणखी एक शोधून दाखव" म्हणा. मलावी सांगून टाकू नका.

नकाशासंग्रह उघडला की दोन शंका येतील. युटा, कोलोरॅडो, न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना ही चार राज्यं एका बिंदूत मिळतात, मग समोरासमोरची शेजारी धरायची का? नाही धरायची. का नाही, हे तिलाच शोधू द्या. चाकाच्या आऱ्यांसारखे वीस देश एका बिंदूत आणून मिळवले तर काय होईल, एवढं विचारलं की पुरे. दुसरी शंका अलास्काची. ते अमेरिकेचंच, पण मध्ये कॅनडा. देश एक, तुकडे दोन. दोन्ही तुकड्यांना एकच रंग हवा असा हट्ट धरला, तर चार रंगांची हमी उरत नाही. प्रमेयातला प्रत्येक देश सलग असावा लागतो. या अटी सुरुवातीला पाठ करून घेऊ नका. अडचण आली की नियम करायचा, हा क्रम मुलांना खेळामुळे चांगला माहीत असतो.

धाकट्याला आतमध्ये घ्या, त्याला बाहेर ठेवलंत तर बटणं गायब होतील. त्याच्यासाठी दोन रंगांचे नकाशे. पेन्सिल न उचलता कागदावर वाटेल तसा गुंता काढायचा, रेषेने रेषेला हवं तितक्या वेळा कापायचं, आणि जिथून सुरू केलं तिथेच आणून संपवायचं. असा कुठलाही गुंता दोनच रंगांत रंगतो. पाच वर्षांच्या मुलाला ही जादू वाटते आणि ती तशीच वाटू द्यावी. ताईसाठी मात्र प्रश्न आहे: का? कागदाच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ रेषा मारून केलेल्या नकाशावर तो सोपा जातो. एक रेषा, दोन रंग. दुसरी रेषा मारली की तिच्या एका बाजूचे सगळे रंग उलटे करायचे, दुसऱ्या बाजूचे तसेच ठेवायचे. नव्या रेषेवरचे शेजारी वेगळे झाले, जुन्या रेषांवरचे होतेच. कितीही रेषा आल्या तरी हेच. पट्टी ताईच्या हातात, बटणं उलटी करायचं काम धाकट्याकडे.

घरात एक खेळ मात्र जपून खेळा. एकाने एकेक देश काढत जायचं आणि दुसऱ्याने तो लगेच रंगवायचा, मागचे रंग बदलायचे नाहीत. छान वाटतो, पण काढणारा बेरकी असेल तर रंगवणाऱ्याला पाचव्या रंगाकडे ढकलता येतं, नकाशा अगदी साधा असला तरी. चार रंगांचं वचन पूर्ण नकाशा समोर असतानाचं आहे. तुमच्या लेकीचा पहिला नकाशा तिने याच पद्धतीने, काढत-काढत रंगवला असेल तर नवल नाही.

आता ग्राफ थिअरी. हा शब्द आत्ता उच्चारायची गरज नाही. एक दिवस प्रत्येक देशात एक ठिपका काढा, राजधानी म्हणून. दोन देशांची सीमा सामाईक असेल तर त्या सीमेवरून जाणारा एकच रस्ता दोन ठिपक्यांमध्ये काढा. वर पातळ कागद ठेवून फक्त ठिपके आणि रस्ते गिरवा. खालचा नकाशा काढून घ्या. जे उरलं तो ग्राफ. आता देशांऐवजी ठिपक्यांवर बटणं ठेवायची, रस्त्याने जोडलेल्या दोन ठिपक्यांवर एकच रंग नको. प्रश्न तोच राहिला, किनारे आणि आकार गळून गेले. मुलांना इथे एक धक्का बसतो, की अवाढव्य रशिया आणि चिमुकलं लक्झेंबर्ग दोघेही एकेक ठिपकाच आहेत. हा धक्का बसू द्या, घाईने पुढे जाऊ नका.

मग उलट जा. कागदावर पाच ठिपके काढा आणि प्रत्येकाला बाकी चौघांशी जोडायला सांगा, रस्ता रस्त्याला न कापता. जर्मन गणितज्ञ मोबियस यांनी १८४० च्या सुमारास हे कोडं विद्यार्थ्यांना गोष्टीतून घातलं होतं: राजाला पाच मुलगे, प्रत्येकाच्या वाट्याला असा प्रदेश यावा की तो उरलेल्या चौघांच्या प्रदेशांना भिडेल. होत नाही. शेवटचा रस्ता कुणाला तरी कापतोच. पण यावरून चार रंगांचं प्रमेय सिद्ध झालं, असं तिला (किंवा स्वतःला) सांगू नका, इथे भलेभले घसरतात. नेवाडाच आठवा. तिथे एकमेकांना भिडणारे चौघे कुठेच नाहीत, तरीही चार रंग लागतातच. तसंच, परस्परांना भिडणारे पाच देश नसले म्हणून पाचवा रंग लागणारच नाही, असं आपोआप ठरत नाही. ते ठरवायलाच तर इतकी वर्षं गेली.

ठिपके-रेषा आल्या की नकाशा सोडूनही खेळता येतं. शिबिरात पाच खेळ आहेत आणि काही मुलांनी दोन-दोन खेळांत नाव दिलंय. खेळ म्हणजे ठिपका, सामाईक मूल असेल तर रेषा, आणि रंग म्हणजे वेळ. किती वेगवेगळ्या वेळा लागतील? इथे रेषा एकमेकींना कापल्या तरी चालतात, त्यामुळे चारची मर्यादा लागू होत नाही. प्रत्येक दोन खेळांत एखादं मूल सामाईक निघालं, तर पाच खेळांना पाच वेळा. तुमची लेक ज्या पाचच्या शोधात होती, तो तिला इथे भेटेल. सुडोकू सोडवत असेल तर तेही रंगवणंच आहे: ८१ ठिपके, नऊ रंग, आणि प्रत्येक ठिपका आपल्या ओळीतल्या, उभ्या रांगेतल्या आणि चौकटीतल्या मिळून २० ठिपक्यांना जोडलेला. ते २० मोजायला सांगा, दोनदा मोजलेली घरं वगळताना तिची चांगली कसोटी लागेल.

कोनिग्सबर्गच्या सात पुलांचं कोडं (प्रत्येक पूल एकदाच ओलांडून शहरभर फिरता येईल का?) तुम्हाला आठवत असेल, गणितज्ञ ऑयलरने १७३५ मध्ये सोडवलेलं. पुस्तकं तिथूनच सुरू होतात. माझ्या मते ते नंतर घ्यावं. "जमणार नाही" हेच ज्याचं उत्तर, असं कोडं पहिल्याच दिवशी मुलाच्या हातात देऊ नये.

शाळेचं विचारलंत म्हणून सांगते. पाढे याने सुधारणार नाहीत आणि गुणपत्रिकेत काही दिसेल असंही नाही. त्या हिशेबाने हे करत असाल तर मुलं दोन दिवसांत ओळखतील. कारण देण्याची सवय लागते, ती पुढे भूमितीत उपयोगी पडते. आठवड्यातून एखादी दुपार पुरे. तिने आपणहून बटणांचा डबा काढला नाही, तर तुम्हीही काढू नका.

आणि हो, ती एखाद्या दिवशी असा नकाशा आणेल की तो तुम्हालाही चार रंगांत बसवता येणार नाही. मार्टिन गार्डनर यांनी एप्रिल १९७५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातल्या आपल्या सदरात ११० प्रदेशांचा एक नकाशा छापला होता, याला पाच रंग लागतात असं ठोकून देऊन. एप्रिल फूल होतं ते. पण वाचक सुट्टी घेतल्यासारखे कामाला लागले आणि चार रंगांत भरलेले नकाशे त्यांनी गार्डनर यांना पाठवले. लेकीच्या नकाशावर तुम्ही अडलात, तर तिला तसं सांगा, नकाशा भिंतीवर लावा आणि खाली बटणांचा डबा ठेवा. येता-जाता ज्याला जे सुचेल ते त्याने करावं. तुम्हाला आधी सुटला, तर मात्र या वेळी गप्प बसा.